कॉम्प्युटरने तयार केलेल्या सिटी स्कॅनवर शेक द्यायचा का?

पत्र:

माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. भडगाव तालुक्यात आमची कापसाची आणि मक्याची शेती आहे. दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या गालाच्या आत, नाकाच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन करून वरच्या जबड्याचा डावा भाग आणि सायनस काढला. आता मुंबईकडच्या एका मोठ्या दवाखान्यात प्रोटॉनचा शेक, म्हणजे किरणोपचार, चालू आहे. एकूण ३० शेक, त्यातले १३ झाले. तोंड आल्यामुळे जेवण सुटलं, ६८ किलोचे ६२ वर आले. परवा डॉक्टर म्हणाले, ‘शेक घेताना डोकं हलू नये म्हणून घालतो तो मास्क ढिला झालाय, आतही फरक दिसतोय. रोजच्या छोट्या स्कॅनवरून कॉम्प्युटर नवीन सिटी तयार करतो, त्यावर प्लॅन तपासून बघू.’ हे एका अभ्यासात बसतं म्हणून कागदावर सही मागितली आहे. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. तो म्हणतो, ‘मामी, एआय नसलेल्या गोष्टी दाखवतं, सही करू नका.’ सासूबाईंनी फोनवर एकच धोशा लावलाय, ‘खोटा फोटू देखीसन कोणी इलाज करस का?’ पहिला प्लॅन चुकला होता का? खरा सिटी पुन्हा काढला तर रेडिएशन जास्त होईल ना? आणि लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी आहे. आठ दिवस गावी नेऊन, जरा अंग धरू देऊन मग पुढचे शेक घेतले तर चालेल का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. आठ दिवसांची सुट्टी घेऊ नका. तोंडाच्या, नाकाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये शेकाचा एकूण काळ लांबला की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे त्या जागचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याच्या आसपास घटते, असं जुन्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. गावी नेऊन दोन किलो अंग धरेलही, पण त्यासाठी ही किंमत मोजू नये. आखाजीला लेकीलाच तिकडे बोलवून घ्या. पाचोऱ्याला रात्रीच्या गाडीत बसली की सकाळी मुंबईत. सांजोऱ्या डब्यात येतील, झोका एक वर्ष राहिला तर राहू द्या. शनिवार-रविवारी शेक नसतो, ते दोन दिवस बाप-लेकीला निवांत मिळतात.

आता प्लॅन चुकला होता का, याबद्दल. नाही. पहिला प्लॅन ज्या शरीरावर केला ते शरीर आता तसं राहिलेलं नाही, एवढंच झालं आहे. ६८ चे ६२ म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वजन गेलं. साध्या शेकातही एवढ्या वजनाची दखल घेतात, आणि प्रोटॉनच्या बाबतीत तर ती घ्यावीच लागते. ती का, हे नीट समजलं की सहीचा निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल. म्हणून जरा सविस्तर सांगते. मी किरणोपचार विभागात फिजिसिस्ट म्हणून काम केलं आहे, हे प्लॅन करणं आणि तपासणं हाच माझा व्यवसाय होता.

साधा एक्स-रेचा शेक शरीरातून आरपार जातो. गाठीपर्यंत जाताना डोस सोडतो आणि गाठीच्या पलीकडेही सोडत राहतो. प्रोटॉन तसं करत नाही. तो ठरावीक खोलीपर्यंत जातो, थांबायच्या आधीच्या थोड्याशा अंतरात आपली शक्ती सर्वांत जास्त सोडतो आणि तिथेच संपतो. त्याच्या पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. हा गुण उपचाराला वापरता येईल असं रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेतच बर्कलीला पहिल्या पेशंटला प्रोटॉनचा शेक दिला गेला. आपल्या देशात चेन्नईला २०१९ मध्ये प्रोटॉनचं केंद्र सुरू झालं, खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ मध्ये. तुमच्या मिस्टरांच्या गाठीच्या जागेपासून डोळा, डोळ्याची नस आणि मेंदूचा खालचा भाग हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या अंतरावर आहेत. पलीकडे जाऊ न देणारा शेक म्हणूनच त्यांच्यासाठी निवडला असणार, आणि निवड योग्य आहे.

पण प्रोटॉन कुठे थांबेल हे त्याच्या वाटेत काय लागतं त्यावर अवलंबून असतं. १५० एमईव्ही शक्तीचा प्रोटॉन पाण्यात साधारण १६ सेंटीमीटर जातो. दाट हाड लागलं तर त्याआधीच थांबतो. हवा लागली तर ती त्याला जवळजवळ अडवतच नाही. ऑपरेशनमध्ये सायनस काढल्यावर गालाच्या आत एक पोकळी राहते. पहिल्या सिटीत ती पोकळी पडद्यावर काळीभोर दिसते, म्हणजे हवा. दोन-तीन आठवड्यांनी त्याच पेशंटचं त्याच पातळीवरचं चित्र उघडावं, तर पोकळीच्या तळाशी राखाडी भाग आणि त्याच्यावर पट्टीने आखावी अशी सरळ आडवी रेघ. पेशंट उताणा झोपलेला असतो, त्यामुळे साचलेला स्राव मागच्या बाजूला पातळी धरून बसतो. पेशंटला विचारलं तर तो म्हणतो, थोडं नाक चोंदल्यासारखं वाटतंय, बाकी काही नाही. त्याच्या दृष्टीने ते सर्दीएवढंच असतं. पण प्रोटॉनच्या वाटेत दोन सेंटीमीटर हवेच्या जागी दोन सेंटीमीटर पाणी आलेलं असतं. तो जवळजवळ तेवढाच अलीकडे थांबणार, आणि जिथे शेक पोचायला हवा तिथे तो पोचणार नाही. उलटही होतं. पहिल्या सिटीच्या वेळी पोकळी भरलेली असेल आणि नंतर मोकळी झाली, तर तोच प्रोटॉन डोळ्याच्या नसेकडे पुढे सरकतो.

गालावरची चरबी उतरण्याचंही तसंच. कातडी अर्धा सेंटीमीटर आत आली की प्रोटॉन अर्धा सेंटीमीटर खोल जातो. साध्या शेकात एवढ्याच बदलाने डोस एक-दोन टक्के इकडचा तिकडे होतो. म्हणूनच डॉक्टरांनी मास्क ढिला झाल्यावर लगेच प्लॅन तपासायचं ठरवलं. शरीर बदलेल तसा प्लॅनही बदलत न्यायचा, याला अडॅप्टिव्ह उपचार म्हणतात. ज्या दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात हे लक्षात येतं आणि पेशंटला सांगितलंही जातं, तिथली माणसं जागेवर लक्ष ठेवून आहेत असं समजा.

मग सरळ नवा सिटी काढून मोकळं का होत नाहीत, असा प्रश्न तुमच्या मनात येणारच.

सिटीचं चित्र दिसायला फोटोसारखं असलं तरी फिजिसिस्टच्या लेखी तो आकड्यांचा तक्ता असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू चाळीस-पन्नास, घट्ट हाड हजाराच्याही वर. हे आकडे सिटी मशिन बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जातात, त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. या आकड्यांवरून प्रत्येक ठिपका प्रोटॉनला किती अडवेल ते काढतात आणि त्यावरून त्याची खोली ठरते. अगदी चांगल्या प्लॅनिंग सिटीवरही या हिशेबात साधारण साडेतीन टक्क्यांची अनिश्चितता धरावी लागते. म्हणजे १० सेंटीमीटर खोलीला साडेतीन मिलिमीटर. प्लॅन करताना ती धरूनच पुढे जातात. पण आकडेच चुकीचे असतील तर पुढचं सगळंच चुकतं.

शेकाच्या मशिनवर जो छोटा स्कॅन रोज निघतो, त्याला कोन बीम सिटी म्हणतात. पेशंट बरोबर जागेवर झोपलाय की नाही, कालची हाडं आणि आजची हाडं जुळतात की नाही, हे बघायला तो असतो आणि त्या कामाला तो चांगला आहे. पण त्यात किरणं एकदम रुंद पसरवून सोडलेली असतात. ती शरीरात जाऊन आडवीतिडवी विखुरतात आणि पडद्यावरचे आकडे बिघडवतात. एकाच पेशंटच्या एकाच स्नायूचा आकडा एका कडेला वेगळा आणि दुसऱ्या कडेला वेगळा येतो. दातांत चांदी भरलेली असेल तर त्यातून पांढरे-काळे पट्टे निघतात. डोळ्यांना चित्र कळतं, पण प्रोटॉनचा हिशेब त्यावर करता येत नाही.

तुम्ही गिरणाकाठच्या, म्हणून असं सांगते. पूर येऊन गेला आणि काठ खचून बांध सरकला. मोजणी ऑफिसातला नकाशा मापाला पक्का, पण पुराआधीचा. मोबाईलवर आज सकाळी काढलेला फोटो आजचा, पण त्यावरून गुंठे काढता येत नाहीत. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत पहिला सिटी हा तो नकाशा आणि रोजचा छोटा स्कॅन हा आजचा फोटो. आजचं शरीर, पण मापाच्या पक्क्या आकड्यांत, असं चित्र कॉम्प्युटरला तयार करायचं असतं. सासूबाईंना सांगा, फोटू त्यांच्या पोऱ्याचाच आहे आणि आजचाच आहे. आकडे तेवढे दुरुस्त करून घेतलेले आहेत. ते नीट दुरुस्त झाले की नाही, हे मात्र विचारलंच पाहिजे.

आकडे दुरुस्त करायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. आधीची रीत म्हणजे जुना सिटी ताणून-दाबून आजच्या स्कॅनवर बसवायचा. नुसतं वजन घटलं असेल तेव्हा ती बरी चालते. पण हवेच्या जागी पाणी आलेलं असेल तर जुनं चित्र कितीही ताणलं तरी त्यात पाणी कुठून येणार? म्हणून नव्या रीतीत कॉम्प्युटरला शिकवतात. अनेक पेशंटचे छोटे स्कॅन आणि त्याच माणसांचे जवळपास त्याच वेळी काढलेले खरे सिटी समोर ठेवायचे. छोट्या स्कॅनमधला असा असा भाग खऱ्या सिटीत कोणत्या आकड्याने येतो, हे तो त्या जोड्यांवरून शिकतो. मग नव्या पेशंटचा छोटा स्कॅन दिला की आकडे भरून देतो. काही ठिकाणी हेच काम एमआरआयवरून करतात. ते आणखी अवघड, कारण एमआरआयमध्ये घट्ट हाड आणि हवा दोन्ही काळीच दिसतात. २०२३ मध्ये सिंथरॅड नावाची एक खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यात वेगवेगळ्या गटांचे असे प्रोग्रॅम एकाच कसोटीवर लावले गेले. चित्र खऱ्या सिटीशी किती जुळतं एवढंच न पाहता, त्यावर काढलेला साध्या शेकाचा आणि प्रोटॉनचा डोस किती जुळतो हेही तपासलं. मला ही दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची वाटते, कारण चित्र सुबक असून डोस चुकलेला असू शकतो.

आणि इथे तुमच्या भाच्याचं म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. हे प्रोग्रॅम त्यांनी जे पाहिलंय त्याच्या आधाराने भरतात. जे क्वचितच पाहिलंय तिथे ते चुकू शकतात. तुमच्या मिस्टरांचा डावा वरचा जबडा काढलेला आहे. प्रोग्रॅम शिकताना बहुतेक चेहरे दोन्ही बाजूंनी पूर्ण असलेले असतील, तर ज्या जागी हाड नाहीच तिथे तो पातळसं हाड दाखवू शकतो. किंवा स्राव आणि हवेमधली ती सरळ रेघ पुसट करून टाकू शकतो. चित्र बघणाऱ्याला त्यात काहीच खटकणार नाही, कारण ते दिसायला नेहमीसारखंच असेल. सगळ्या ठिपक्यांची सरासरी चूक काढली तर ती छोटीच येईल. पण प्रोटॉन सरासरीने थांबत नाही. त्याच्या वाटेत जे लागतं त्याने तो थांबतो, आणि चूक नेमकी त्या वाटेवर असली तर ती पूर्ण मोजावी लागते.

पाश्चात्त्य देशांत या भागातले बरेच पेशंट घशाच्या कॅन्सरचे असतात आणि त्यातल्या पुष्कळांचं ऑपरेशन न करता शेकच देतात. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर जास्त. जबडा काढलेले, गालाला मांडीचं नाहीतर छातीचं मांस लावलेले चेहरे आपल्या दवाखान्यांत रोजचे आहेत. बाहेरच्या चेहऱ्यांवर शिकलेला प्रोग्रॅम आपल्या माणसांना तसाच लावायचा नसतो, आधी आपल्यांवर पारखून घ्यावा लागतो. तुमच्यासमोरचा अभ्यास बहुधा याच कामाचा असेल. तसं असेल तर तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण तो व्हावा याची जबाबदारी तुमच्या घरावर नाही. तुम्ही आपल्या माणसाचं बघा.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: कॉम्प्युटरने तयार केलेला सिटी फक्त तपासायला वापरणार, की त्याच्यावरच नवा प्लॅन करून शेक देणार?

या दोन्हींत फार अंतर आहे. तपासायला वापरणं म्हणजे जुना प्लॅन आजच्या शरीरावर बसवून बघायचा: गाठीच्या जागेला डोस पुरा पोचतोय का, डोळ्याच्या नसेवर जास्त पडतोय का. बिघाड दिसला तर पेशंटला प्लॅनिंगच्या खोलीत नेऊन, गरज असेल तर नवा मास्क करून खरा सिटी काढायचा आणि नवा प्लॅन त्या खऱ्या सिटीवर करायचा. यात तयार केलेलं चित्र चुकलं तर काय होईल? एखादा सिटी विनाकारण काढला जाईल, किंवा काढायला हवा तेव्हा निघणार नाही. पहिल्यात नुकसान नाही. दुसरी चूक टाळायला डॉक्टरांचे डोळे, मास्कचा ढिलेपणा, वजन, ठरल्या वेळी होणारे खरे सिटी अशी इतर राखण असते. आणि फायदा मोठा आहे. खरा सिटी रोज काढता येत नाही, छोटा स्कॅन मात्र तसाही वरचेवर निघतोच. पोकळीत स्राव भरला तर ते पुढच्या ठरलेल्या सिटीची वाट न बघता लगेच कळू शकतं. पत्रातल्या डॉक्टरांच्या शब्दांवरून, ‘त्यावर प्लॅन तपासून बघू’, मला वाटतं की ते हेच म्हणत आहेत. असं असेल तर सही करायला माझी हरकत नाही. मी तुमच्या जागी असते तर केली असती.

त्याच्यावरच नवा प्लॅन करणार असतील, तर आणखी दोन गोष्टी विचारा. जबडा काढलेल्या पेशंटवर हा प्रोग्रॅम तपासून बघितलाय का? आणि यांच्या बाबतीत निदान एकदा खरा सिटी काढून त्याच्याशी ताडून बघणार का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढे जा. पहिल्याचं ‘नाही’ आलं तर स्वच्छ सांगा, की आम्हाला खऱ्या सिटीवरचा प्लॅन हवा. एवढं बोलायला संकोच वाटून घेऊ नका. शेतकरी घरातली माणसं मोठ्या दवाखान्यात गेली की मान खाली घालून सही करतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं वाईट वाटतं. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण समोर गेल्यावर निम्मे विसरतात. भाच्यालाही फोनवर घ्या. त्याला तंत्र कळतं, डॉक्टरांना पेशंट कळतो, दोघं बोलले तर तुमचंच काम सोपं होईल.

खरा सिटी काढल्याने रेडिएशन जास्त होईल, ही भीती मात्र मनातून काढून टाका. गालाच्या जागेला ३० शेकांमध्ये मिळून साधारण ६० ग्रेच्या घरात डोस जातो (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). डोक्याच्या एका सिटीचा डोस चाळीस-पन्नास मिलिग्रेच्या आसपास, आणि एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. चुकीच्या जागी पडलेला एक शेकसुद्धा सिटीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करेल. डॉक्टर सिटी काढा म्हणाले तर लगेच काढा. उपाशी राहावं लागेल का, शिरेतून औषध देणार का, एवढं विचारून घ्या, म्हणजे त्या दिवशीचं जेवण चुकणार नाही.

नवा प्लॅन करायचा ठरला तर काही दिवस जातात. डॉक्टर सिटीवर गाठीची जागा आणि नाजूक अवयव पुन्हा आखतात, फिजिसिस्ट प्लॅन करतो. मग तो प्लॅन पेशंटवर देण्याआधी मशिनवर प्लास्टिकच्या ठोकळ्यावर देऊन, मोजून बघतात. या मोजणीची घाई करायला लावू नका. मधल्या दिवसांत जुन्याच प्लॅनवर शेक चालू ठेवायचा की एखाद-दोन दिवस थांबायचं, हे ते डोस बघून ठरवतील. त्यांनी थांबवलं तर थांबा. आपण होऊन थांबायचं नाही, एवढंच मी वर म्हणत होते.

सहीच्या कागदाबद्दल थोडं. अभ्यासात भाग घेणाऱ्याचे हक्क आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमावलीत दिलेले आहेत, आणि आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी त्यांनी २०२३ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळालं पाहिजे, म्हणजे मराठीत. इंग्रजी कागद पुढे केला तर मराठी मागा. सही मिस्टरांची हवी, ते शुद्धीवर आहेत, बोलतात, त्यांचा निर्णय त्यांनीच घ्यायचा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, ती विचारा. डोक्याच्या सिटीवरून कॉम्प्युटरवर माणसाचा चेहरा उभा करता येतो. नाव काढलं तरी चेहरा ओळखता येऊ शकतो. हे स्कॅन दवाखान्याबाहेर कोणाला देणार आहेत का, आणि देणार असतील तर चेहरा झाकून देणार का, हे समजून घ्या.

बाकी जे तुमच्या हातात आहे ते वजन. शेवभाजी, ठेचा, फोडणीचं तिखट सध्या पूर्ण बंद, आणि कळण्याची भाकरी आल्या तोंडाला बोचेल. मऊ भातावर पातळ वरण आणि वर साजूक तूप, दह्यात मऊ कालवलेला भात, मुगाचं कढण, अंडं चालत असेल तर अंडं. मधुमेह नसेल तर रावेरच्या पिकल्या केळ्याचं शिकरण, दाट दुधात, दिवसातून दोनदा. एका वेळी पोटभर जाणार नाही, म्हणून थोडं थोडं सहा-सात वेळा. जेवणाआधी तोंड सुन्न करणारं औषध दिलं असेल तर ते घेऊन मगच बसा. वजन आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर, एकाच वेळी करा आणि वहीत लिहा. आणखी दोन किलो उतरलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सांगा. डॉक्टरांनी नाकातून किंवा पोटातून नळी घालायचं सुचवलं तर ‘नळी म्हणजे शेवट’ असं समजून नकार देऊ नका. ती काही आठवड्यांपुरती असते आणि तिच्यामुळे शरीर आहे तसं टिकतं. प्रोटॉनला तेच हवं असतं.

रोज टेबलावर झोपताना मिस्टरांनी दोन गोष्टी बोलून दाखवायच्या. नाकाची ती बाजू अचानक चोंदली किंवा अचानक मोकळी झाली तर लगेच टेक्निशियनला सांगायचं, किरकोळ म्हणून सोडायचं नाही. आणि जबड्याच्या जागी कवळीसारखा ऑब्ट्युरेटर बसवलेला असेल, तर पहिल्या सिटीच्या वेळी तो तोंडात होता की काढलेला होता, हे आजच विचारून घ्या. जसा सिटीला होता तसाच प्रत्येक शेकाला असायला हवा. तोंड दुखतं म्हणून मधेच काढून झोपले तर वाटेतलं तेवढं प्लास्टिक कमी होतं आणि प्रोटॉन पुढे जातो. नव्या सिटीच्या दिवशी तो घालायचा की नाही, हेही त्याच वेळी ठरवून टाका. दाढी पहिल्या मास्कच्या वेळी होती तशीच ठेवा, वाढवू नका.